कुमुदच्या हंगामाची वाइन

जपानमधले द्राक्षमळेवाले मोरिता यांच्या पत्राला दिगंबररावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "कुमुदताई आमच्या नागानोच्या मळ्यात संशोधनाला होत्या, त्या हंगामाच्या वाइनमध्ये त्यांचा आवाज उतरलाय. आता त्या नाहीत. विकू का?" सोबत नमुन्याची बाटली होती.

आज लेकीनं, मृदुलानं, ती उघडलीच. दोन जातींच्या काळ्या द्राक्षांची ती लाल वाइन. पहिल्या घोटात दोघांच्या कानांत फुलोऱ्यातला वारा वाहिला, दुसऱ्यात पाऊस वाजला. तिसऱ्यात तोडणी सुरू झाली.

"अहो मोरिता, घड खुडा, माझी बोटं नकोत!" आणि कुमुद खळखळून हसली.

"बाबा, आई अशी हसायची?"

"घरी नाही."

दिगंबररावांनी लिहिलं, 'एकही बाटली विकू नका. सगळ्या मला पाठवा. आणि तुम्ही चाखूसुद्धा नका.'

मग चपला घालून ते स्वतःच पत्र टाकून आले.