मेईची पहिली आंघोळ

फोटो काढून झाला आणि मंजिरी चकल्यांचा डबा भरायला खाली गेली. वर येऊन बघते तर खोलीत मेई नाही.

"मेई?" पलंगाखाली नाही. कपाटात नाही. पडद्यामागे नाही. पायाला आधार देणारा पट्ट्यांचा ब्रेस खुर्चीवर काढून ठेवला होता, तोही नाही. ब्रेस रोज मंजिरीच चढवायची. मेई स्वतःहून त्याला कधी हात लावत नसे. आज पोरगी आपल्या हातांनी तो चढवून कुठेतरी निघाली होती. बाहेर अजून मिट्ट काळोख. आणि लंडनजवळच्या वॉटफर्डमधला तो घरासमोरचा रस्ता, पहाट असो की दुपार, गाड्या आपल्या सुसाट.

"गिरीश, मेई नाहीये!"

नवरा बाथरूममध्ये अंगाला उटणं फासत होता. आतून नुसता शॉवरचा आवाज.

मेई उन्हाळ्यात चीनहून आली. पाच वर्षांची, डावा पाय जन्मापासून वाकडा. तिथल्या अनाथाश्रमात अशा मुलांची खोलीच वेगळी होती. धडधाकट मुलांना आईबाप लवकर मिळायचे, या खोलीतली वाट बघत बसायची. मेईला मध्ये एकदा एका घरी नेलंही होतं. आठवड्याच्या आत परत आली. का, ते कोणाला धड सांगता येईना, आणि मंजिरी-गिरीशनेही खोदून विचारलं नाही. मूल मिळतंय म्हटल्यावर कोण चौकशा करत बसतो!

आणि मूल तरी कसं? भलतंच गुणी. हॉस्पिटलात सुई टोचली, हूं नाही की चूं नाही. जिन्यावरून गडगडली, गुडघा फुटला, तरी ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मंजिरीला कोण कौतुक! पुण्याला फोन लावून सासूबाईंना सांगायची, मागच्या गल्लीतल्या रश्मीला सांगायची, "आमच्या मेईला रडणं ठाऊकच नाही गं."

रश्मी म्हणायची, "नशीबवान आहेस बाई. आमचा समर दूध सांडलं तरी घर डोक्यावर घेतो."

आज दिवाळीची पहिली आंघोळ. मेईची तर जन्मातली पहिलीच दिवाळी. मंजिरीने तिला अंधारातच उठवलं. तेल चोळलं, उटणं लावलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, पुण्याहून आलेला जरीचा फ्रॉक चढवला. पोर थरथरत होती. थंडी वाजत असेल, असं मंजिरीला वाटलं. फोटोला उभी केली तर काही केल्या हसेना. मग फराळाच्या पिशवीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आई, कुठे?"

"रश्मीमावशीकडे जायचंय," मंजिरी घाईघाईत म्हणाली. "तिथे शहाण्यासारखं वागायचं हं."

सगळ्या आया म्हणतात तेच.

मंजिरी जिना उतरली. कशी उतरली ते तिचं तिलाच माहीत. पुढच्या दाराची कडी निघालेली होती. देवा, रस्त्यावर नको रे, बाकी कुठेही असू दे. तिने दार खेचलं.

बाहेरच्या छोट्या बंदिस्त पोर्चमध्ये, चपला-बुटांच्या शेजारी, पायपुसण्यावर मेई बसली होती. जरीच्या फ्रॉकवर जाड कोट, गुंड्या वर-खाली लागलेल्या. ब्रेसचे पट्टे उलटे. मांडीवर चीनहून येताना आणलेली तिची सॅक. रस्त्याकडचं दार बंदच होतं. मंजिरीच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्या क्षणी ती ओरडली, "अगं, इथे काय करतेयस? किती घाबरवलंस मला!"

मेई दचकली. मग शहाण्यासारखी मान वर करून म्हणाली, "मेई रेडी."

"रेडी? कशासाठी?"

"रश्मीमावशी. न्यू आई."

मंजिरी तिच्यासमोर खाली बसली. अंधारात उठवणं, चोळून न्हाऊ घालणं, नवे कपडे, फोटो, भरलेली पिशवी. चीनमधल्या हॉटेलच्या खोलीत मेई पहिल्यांदा हातात आली तेव्हाही तिचे केस ओले होते आणि अंगावर कोरा करकरीत फ्रॉक होता. त्याचाही फोटो काढलाच होता की! आणि आज आपण हौसेने पुन्हा तेच सगळं केलं.

"नाही गं सोन्या, तुला कुणाला देत नाहीये. तू आमची आहेस, आमचीच." फोनवर शिकलेली कामापुरती चिनी नेमकी आत्ता आठवेना. मराठीत सांगून झालं, इंग्रजीत सांगून झालं. मेई सगळं ऐकत होती. हातांनी सॅक घट्ट धरलेली. डोळे मात्र ठणठणीत कोरडे.

तेवढ्यात गिरीश धडधडत जिना उतरून आला. ओले केस, नवा कुर्ता, तोही उलटा. घाईत उटणं डोळ्यांत गेलेलं, डोळे लालभडक, गालांवरून पाणी वाहतंय. "सापडली? कुठे होती?"

मेईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या केसांकडे. नव्या कुर्त्याकडे. डोळ्यांतल्या पाण्याकडे तर कितीतरी वेळ. मग ती पायपुसण्यावर थोडी सरकली आणि शेजारी त्याला जागा करून दिली. तो बसला तशी तिने कोटाच्या बाहीने घाईघाईने त्याचे गाल पुसले, मंजिरीकडे एकदा भीत भीत पाहिलं आणि त्याच्या कानाशी कुजबुजली,

"बाबा, रडायचं नाही. रडलं की परत पाठवतात."