डोळा असलेला कंद

"फेक तो. त्याला डोळाच नाही," व्हर्लीआत्या पोर्चवरच्या खुर्चीतून ओरडली.

वँडा गुडघे टेकून पिओनीचं, त्या वसंतात फुलणाऱ्या फुलझाडाचं, जुनं झुडूप खणत होती. साठीला आली तरी पहिल्यांदाच. केंटकीच्या या डोंगरात तिने लहानपणीच्या दहा सुट्ट्या काढल्या होत्या, पण फावडं आत्याने कधी तिच्या हाती दिलं नव्हतं. ऑगस्ट संपत आला की आत्या स्वतः खणायची, एक कंद ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालायची आणि डबा वँडाच्या हातात द्यायची.

"थँक्यू म्हणू नकोस हं! थँक्यू म्हटलेलं रोप जगत नाही."

हे डोंगरातलं शेंबडं पोरही जाणून होतं. वँडा ओठ घट्ट मिटून ओहायोच्या बसमध्ये बसायची. घरी कंद पुरायची आणि वसंतभर माती न्याहाळायची. एकही उगवला नाही. जूनमध्ये सुट्टीला पुन्हा आली की ती मान खाली घालून सांगायची, "मेला, आत्या." इथली फुलं तोवर झडून गेलेली असायची, म्हणजे पिओनी तिने फुललेली कधी पाहिलीच नाही. आत्या म्हणायची, "बरं, मग दुसरा न्यावा लागेल." आपणच मनातल्या मनात थँक्यू म्हणालो असणार, या विचाराने पोर झुरायची. त्यात आणखी एक सल होता. आईबाप दोघंही कारखान्यात, म्हणून आपलं लोढणं बिचाऱ्या आत्याच्या गळ्यात.

"डोळा म्हणजे काय गं?" वँडाने आता विचारलं.

"बटाट्याला असतो तसाच. तो बघ, लाल कोंब. डोळा नसलेला कंद दहा वर्षं पुरून ठेवलास तरी वर यायचा नाही."

वँडाने हातातल्या कंदाकडे पाहिलं. रताळ्यासारखा गुळगुळीत होता. ओल्या वर्तमानपत्रातून निघायचे ते सगळे असेच असायचे.

"आत्या! तू मला दर वर्षी बिनडोळ्याचे देत होतीस?"

नव्वदीची आत्या आधी काठीच्या मुठीशी चाळा करत राहिली.

"तुझी आई दर वर्षी लिहायची, पोरीचा तुम्हाला त्रास नको, यंदा नाही पाठवत. मी कळवायचे, निदान रोप न्यायला तरी पाठव. ते मेलं उगवलं असतं, तर कुठली सबब काढली असती मी?"

वँडा टाचांवर बसली. लोढणं म्हणे! आपल्यासाठी कुणीतरी दहा उन्हाळे खोटं वागलं होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"तो घे," आत्याने काठीने दाखवलं. त्या कंदाला चार टपोरे डोळे होते. "हा नक्की उगवेल. एकदाचं फूल बघशील. पुढच्या उन्हाळ्याला मी काही नाही, पोरी."

वँडाने कंद उचलला, माती झटकली. पोर्चच्या पायऱ्या चढून तिने आत्याचा हात हातात घेतला.

"थँक्यू, आत्या," ती मोठ्याने म्हणाली.

"अगं बये, जीभ चाव! मरेल ना तो!"

"मरू दे," वँडा म्हणाली. "मग दुसरा न्यायला मला पुन्हा यावं लागेल."