लहूची फळी

अनंत सुताराने शटर खाली ओढलं, पण ते जमिनीला टेकलं नाही. सरूबाईने माशांची पाटी मध्ये सरकवली होती. पत्रा बोंबलांवर दाणकन बसला.

“चेपले तर चेपले,” ती बाहेरून म्हणाली. “आज हे उघडं राहील.”

मागच्या दोन खेपांना भाऊराव बेलीफ कोर्टाचा कागद घेऊन आला होता आणि ‘गाळा बंद’ असा शेरा मारून परत गेला होता. म्हणून आज सरूबाईची जाऊ कुंदा सकाळपासून सात बंगल्याच्या या गल्लीत मासे विकत बसली होती. अनंतने कुलूप काढलं की सरूबाईला फोन करायचा, एवढंच तिचं काम. सरूबाईने तोवर भाऊरावला कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहावर चहा पाजून बसवून ठेवलं होतं.

शटर अर्धं वर ढकलून तिघं वाकून आत आले. भाऊरावने कोर्टाचा हुकूम उलगडून वाचला. सरूबाईच्या नवऱ्याच्या, लहूच्या मोडीत काढलेल्या होडीची सागाची फळी अनंतने बाक करण्यासाठी नेली. त्याने दिलेला बाक त्या फळीचा नव्हता. फळी परत द्यावी. न मिळाल्यास तिची किंमत भरावी.

“कुठली फळी आता?” अनंत म्हणाला. “कधीच कापून गेली. ‘मिळाली नाही’ असं लिहा साहेब. आणि सरूबाय, किंमत देतो म्हणतोय ना मी? त्यात नवीन साग घे, झकास.”

“नव्या सागाला काय करू? त्याच्यावर माझा घरवाला कधी बसला नाय.”

भाऊरावने भिंतीवरच्या करवती, पटाशा, रंधे पाहिले. “एक आधीच सांगतो, बाई. कारागिराची हत्यारं आम्हाला उचलता येत नाहीत. कायदा आहे.”

“नकोच ती. त्याची हत्यारं त्याला लखलाभ.”

ती गाळ्यात हिंडू लागली. प्लायचे तुकडे, भुश्शाचे ढीग, सरसाचा डबा. भिंतीला लावलेलं कामाचं लांब टेबल. त्याच्यापाशी येऊन ती थांबली. भुश्शाच्या वासाखाली दुसराच एक वास होता. मुशी माशाच्या तेलाचा. नारळी पुनवेआधी वेसाव्याच्या वाळूवर होड्या ओळीने पालथ्या पडलेल्या असत. लहू चिंधी बुडवून द्यायचा आणि ती फळीफळीला तेल चोपडायची. आठ दिवस भातालाही तोच वास यायचा, आणि लहू म्हणायचा, जेव गं, होडीपण हेच जेवलीय.

तिने टेबलामागे, भिंतीच्या बाजूला हात घातला. बोटं कडेवरून सरकत गेली आणि एका जागी आत बसली.

“भाऊराव, खूण काय लिवलीय? वाचा.”

“एका कडेला दोराने पडलेली खाच, तीन बोटं रुंद,” भाऊराव वाचू लागला. “खालून खिळ्यांच्या भोकांची रांग. लांबी अकरा फूट.”

कोर्टात तिने ही खूण सांगितली तेव्हा अनंतचा वकील हसला होता.

“कुंदे, धर तिकडून.”

दोघींनी टेबल भिंतीपासून ओढलं. कडेला खाच होती. जाळ्याचा दोर तीस वर्षं जिथून ओढला गेला तिथे लाकूड पाट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. वरून फळीवर रंधा मारला होता. खालची भोकं भुसा नि सरस भरून बुजवलेली होती, पण प्रत्येक भोकाभोवती तेलाचं काळं कडं उमटलं होतं.

“हे माझं कामाचं टेबल आहे!” अनंत ओरडला. “हत्यारात येतं हे. साहेब, तुम्हीच म्हणालात!”

“हत्यारं वरची. ती तुजी.” सरूबाईने टेबलावरचा रंधा उचलून त्याच्या हातात दिला. “खालची फळी लहूची. विकली असतीस ना मेल्या? पण पॉलिश बसलं नसेल. एवढी वर्षं तेल प्यायलीय ती. गिऱ्हाईक वासानेच पळालं असेल.”

कुंदा फिस्सकन हसली. अनंतने मान फिरवली.

भाऊरावने टेप लावली. अकरा फूट. त्याने स्वतःची तीन बोटं खाचेत ठेवून पाहिली, शेजारच्या दोन गाळेवाल्यांना पंच म्हणून बोलावलं आणि कागदावर लिहिलं : फळी मिळाली.

स्क्रू काढायला वेळ लागला नाही. टेबलाचे चार पाय तेवढे उरले.

“आणि आता मी काम कशावर करायचं?” अनंत म्हणाला.

सरूबाई जणू याचीच वाट पाहत होती. तिने कुंदाकडे पाहिलं. दोघी बाहेर गेल्या. दारात हातगाडी उभी होती, तिच्यावर ताडपत्री. ताडपत्रीखालून त्यांनी एक बाक उतरवला आणि आत आणून मधोमध ठेवला. वरून सागाचा पातळ पापुद्रा, आत प्लाय. एकाच पावसाळ्यात तो फुगला होता आणि कडा भिजलेल्या वहीसारख्या उलगडल्या होत्या. मग त्यांनी फळी उचलून गाडीवर चढवली. कुंदाने शटरखालची पाटी ओढून काढली.

“बस की,” सरूबाई म्हणाली. “तुज्याच हातचा हाय.”

रंधा हातात धरून अनंत उभाच राहिला.