रेघेबाहेर

संयोगितानं अंगणात चुन्यानं आखलेलं रिंगण आबांच्या नजरेस पडलं, तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. आबा म्हणजे तिचे आजोबा, पंचक्रोशीत नावाजलेले वस्ताद. नातीला कुस्ती त्यांनीच शिकवलेली. ती मात्र मोबाइलवर बघून बघून जपानी सुमोच्या नादाला लागलेली. पुण्याच्या सुमो शिबिराला होकार उद्याच कळवायचा होता.

"दाव तुझी जपानी कुस्ती," आबा म्हणाले.

तिनं व्हिडिओ लावला. डोंगराएवढे दोन पैलवान मूठमूठ मीठ उधळून भिडले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एक जण रेघेबाहेर गेला.

"मीठ कशापायी?"

"जागा पवित्र करत्यात. आपण मातीच्या पाया पडतो, तसं."

"आन् हारला कसा? पाठ कुठं टेकली त्याची?"

"रेघेबाहेर पाय पडला की हारला, आबा."

आबा उठून रिंगणापाशी गेले. तिला बसवेना, उठून आत जाववेना. मग त्यांनी धोतर वर खोचलं, माती कपाळाला लावली आणि रिंगणात उभे राहिले. "ये."

ती बिचकतच भिडली. आबा हलेनात. चिडून तिनं खालून खांदा लावला आणि जीव खाऊन रेटलं. त्यांची टाच रेघेपल्याड गेली.

आबांनी वाकून आपल्या पायाकडे बघितलं.

"पाठीला माती न लागता हारलो," ते म्हणाले. "जा पुण्याला. पर आदी ह्यो डाव मला शिकीव."