राळ्याचा भात

उभ्या जन्मात चहासुद्धा न केलेल्या वामनरावांनी ताटात मोकळा राळ्याचा भात वाढला, तेव्हा कुमुदताईंच्या मनात पाल चुकचुकली. हे दर रविवारी जिच्याकडून राळे आणतात, ती शेतकरी बाजारातली धान्यवाली यांना स्वयंपाक शिकवतेय तर!

रविवारी त्या हट्टानं नवऱ्याबरोबर बाजारात गेल्या. गावरान राळ्यांच्या पोत्यामागं बसलेल्या बाईला त्यांनी फैलावर घेतलं. “यांना रांधायला तू शिकवलंस?”

“मी कुठली, काकू? तुम्हीच तर मागच्या रविवारी इथं उभं राहून सांगत होता, आधी भाजा, मग दुप्पट पाणी घाला.”

“मी? मी आज पहिल्यांदाच आलेय!”

कुमुदताईंनी घाबरून नवऱ्याकडं पाहिलं.

वामनरावांनी त्यांचा हात घट्ट धरला. “किती भाजायचे, ते मीच विसरतो गं,” ते म्हणाले. “घरी जाऊन पुन्हा सांग.”