दोन्हीकडून

डॉक्टर क्षितिजा यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मिटून बाजूला ठेवला, तेव्हाच शैलाला काय ते कळलं. सात महिन्यांची सान्वी तिच्या मांडीवर होती. पोर हसायची, माणसं ओळखायची; पण मान काही धरत नव्हती, आणि गेल्या महिन्यापासून पायही हलवेनाशी झाली होती. शेजारच्या खुर्चीवर शैलाचा नवरा गुणवंत होता. त्याच्या पलीकडे, भिंतीला लागून, त्याची आई गोदूबाई. नवघरहून मीरा रोडपर्यंत तिघं एकाच रिक्षाने आले होते.

गोदूबाईंचं म्हणणं घरात सगळ्यांना पाठ होतं. सातवा महिना चालू असताना शैला ग्रहणाच्या दिवशी स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला गेली. नको जाऊ म्हणून सांगितलं होतं. ऐकलं नाही, ते पोरीला भोवलं. शैला कधी उलटून बोलली नाही. खरं तर आताशा तिलाही मनातून तसंच वाटायला लागलं होतं.

डॉक्टर सावकाश सांगू लागल्या. शरीरातल्या प्रत्येक पेशीत काय काय बनवायचं त्याच्या सूचना असतात. पेशी हवी ती सूचना उतरवून घेते आणि तिच्याबरहुकूम एकेक कण जोडत प्रोटीन तयार करते. स्नायू हलवणाऱ्या नसा जगाव्यात म्हणून असंच एक प्रोटीन लागतं. त्याची सूचना माणसाकडे दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यातली एक जरी धड असली तरी माणूस धडधाकट राहतो, दुसरीचा त्याला जन्मभर पत्ता लागत नाही. सान्वीच्या दोन्ही सूचनांमधला तोच भाग गायब होता. ते प्रोटीन तिच्या अंगात पुरेसं बनतच नव्हतं.

"म्हणजे एक माझ्याकडून?" गुणवंतने विचारलं.

"एक तुमच्याकडून, एक यांच्याकडून. दोघांनाही माहीत असायचं कारण नव्हतं."

गुणवंत थोडा घुटमळला. मग त्याने खालच्या आवाजात ग्रहणाचं विचारलं. डॉक्टर हसल्या नाहीत. ग्रहणाचा, कामाचा, खाण्यापिण्याचा काडीचाही संबंध नाही, हे गर्भ राहिला त्याच क्षणी ठरलेलं होतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हे ऐकायला शैला कित्येक दिवस आसुसलेली होती. वाटलं होतं, असं कुणी म्हणालं की सासूकडे मान वळवून बघायचं. आता मान वळेना. तिने सान्वीचं डोकं कोपराच्या खोबणीत नीट टेकवलं आणि तिच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

औषध आहे, डॉक्टर म्हणाल्या. अर्ज आजच करू, दिवस घालवायला नकोत. पण गेलेली ताकद परत येईलच असं त्या सांगणार नव्हत्या. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. घरात याआधी असं कुणी होतं का? एखादं मूल लहानपणीच गेलेलं?

शैलाकडे कुणी नव्हतं. गुणवंतनेही मान हलवली. "नाही. मी एकुलता एक."

"व्हता," गोदूबाई म्हणाल्या.

गुणवंत वळून आईकडे बघू लागला. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. टेबलाच्या कडेवर नजर लावून त्या बोलत होत्या, थांबत थांबत, जणू एकेक शब्द कुठूनसा उकरून काढावा लागत होता. गुणवंतच्या आधी एक मुलगा झाला होता. रामू. रंगाने उजळ, डोळे मोठाले. त्यानेही कधी मान धरली नाही. रांगायच्या वयात अंग असं लोळागोळा. आठव्या महिन्यात छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत गेला. खाडीच्या कडेला त्याला पुरलं, आणि घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं सासूने बजावलं.

"का?" गुणवंतने विचारलं.

"मी मिठागरावर जायाची ना कामाला. पोटात व्हता तवापन जायाची. भर दुपारी. सासू बोलली, तितंच कायतरी लागला. तुज्यामुलं गेला."

डॉक्टरांनी फॉर्मवर गुणवंतच्या नावाआधी काहीतरी लिहिलं. त्यांनी फार हळू आवाजात वय पुन्हा विचारलं, साल विचारलं. साल गोदूबाईंना सांगता येईना. कार्तिक होता एवढं त्यांच्या लक्षात होतं, मिठागराच्या बांधांची डागडुजी चालली होती.

गुणवंतने चष्मा काढून हातात धरला होता. छत्तीस वर्षांचा तो माणूस आईच्या चेहऱ्याकडे असा बघत होता, जणू ही बाई त्याने आजवर पाहिलीच नव्हती.

गोदूबाईंनी पदर सारखा केला. मग पहिल्यांदाच त्या शैलाकडे वळल्या. हात पुढे आला, सान्वीच्या पावलापाशी थांबला, आणि दोन बोटं त्या मऊ, निश्चल पावलावर टेकली.

"तुजा काय चुकला न्हाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी फॉर्म मिटला, औषधाच्या अर्जाचा कागद काढला, गुणवंतकडे आधार कार्ड मागितलं. तो खिसे चाचपू लागला. गोदूबाईंची बोटं पावलावर तशीच होती. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"म्हंजे माजापन न्हाय ना, डाक्टर?"

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत शैला म्हणाली, "नाही, आई."