परत येणारी मेल

"आत्ता काय सांगत न्हाय. परत या," वर्षाराणी म्हणाली, आणि तिला बघायला आलेली कागलची पाहुणेमंडळी अर्ध्या चहावरून उठली.

तिचा बाप बाळासो हातातला कप तसाच घेऊन त्यांच्या मागं दारापर्यंत गेला. राजवर्धन साखर कारखान्यात केमिस्ट, बोलायला साधा, पोरीकडं बघून चक्क लाजणारा. असलं स्थळ कुणी हातचं घालवतं का? दारात चपला शोधायची एकच गडबड उडाली आणि गाडी रंकाळ्याच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली.

"वर्षे, काय केलंस ग हे?"

लेक निवांत. घरी बसून मेलचं सॉफ्टवेअर लिहिणं हे तिचं काम, आणि जगातली सगळी कोडी तिला त्यातच सुटलेली दिसत.

"पप्पा, अनोळखी माणसाची पहिली मेल आमचा सर्व्हर घेतच न्हाय. थोड्या वेळानं ये म्हणतोय. खरी मेल असली की परत येती. फसवणारे परत येत न्हाईत, दुसरं दार बघतात."

"अग, ती मेल हाय. ह्यो पोरगा हाय."

"एकच की. आज नव्या आवृत्तीत हा नियम सगळ्यांना लागू करणार हाय मी. आणि शिकले कुणाकडनं? आईकडनं."

संयोगिता खुलली. हा किस्सा तिनं घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितला होता. "मग? तुझ्या पप्पांनाबी मी असंच वाटेला लावलं. विचार करून सांगते म्हटलं. तासाभरात गडी सायकल हाणत परत दारात. तवाच ठरवलं, लगीन करीन तर ह्यांच्याशीच."

बाळासो नेहमीसारखा इथं पाणी प्यायला उठला.

पण जिवाला चैन पडेना. फोन नको, सरळ कागल गाठावं आणि पोराची समजूत काढावी, असं ठरवून त्यानं दारातली चप्पल पायात घातली. ती चावली. वय झालं, आता पायही सुजायला लागले, असं तो मनाशी म्हणाला.

"अहो, कुठं निघाला? बोलावून आणलेला काय कामाचा?" संयोगितानं आतूनच विचारलं.

त्यानं चप्पल काढली आणि पायरीवर बसून राहिला. लेकीचा हा हट्ट तिच्या अंगाशी येणार, ह्या विचारानं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

दिवेलागणीला मोटारसायकल थांबली. राजवर्धन, एकटाच.

"पप्पा, बघा, आला की न्हाय?" खिडकीतून वर्षाराणी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की बाळासोला भरून आलं. ती वळली आणि लॅपटॉपवर नवी आवृत्ती सोडून मोकळी झाली. आत संयोगितानं चहाला आधण ठेवलं.

बाळासो फाटकाशी गेला. राजवर्धन ओशाळून हळूच म्हणाला, "काका, मघाशी गडबडीत तुमची चप्पल घालून गेलो. माझी नवीन हाय, परवाच करून घेतलेली." बोलता बोलता त्याची नजर मात्र बाळासोच्या खांद्यावरून खिडकीकडं गेली.

बाळासोनं त्याच्या पायांकडं बघितलं. मग घराकडं. मग त्याचा दंड धरून त्याला जवळ ओढलं.

"आत चला. पण चपलेचं नाव काढू नका," तो कुजबुजला. "लग्नाला तीस वर्षं झाली, मी अजून काढलेलं न्हाय."